झायन की ब्राइस? एकच दिवस हाताशी असेल तर

लास व्हेगासला उतरून भाड्याची गाडी घेतली की युटा राज्यातले दोन कॅन्यन आवाक्यात येतात. झायन अडीच-तीन तासांवर, तिथून ब्राइस आणखी दोन तास. नकाशात शेजारीशेजारी दिसतात म्हणून बरेच जण एका दिवसात दोन्ही उरकायला निघतात आणि झायनच्या पार्किंगमध्येच दुपार करतात. त्यात युटाचं घड्याळ व्हेगासच्या एक तास पुढे, तो तास हमखास हिशोबातून सुटतो. तेव्हा एकच दिवस असेल, तर एकच निवडा.

दोन्हीकडे लाल-केशरी दगडच बघायचाय, पण उभं कुठे राहून, हा खरा फरक. झायनमध्ये आपण तळाशी असतो. व्हर्जिन नदीने वालुकाश्म कापून केलेली घळई, दोन्ही बाजूंना 600 मीटरपर्यंतचे ताशीव कडे, आणि आपण मान मोडेस्तोवर वर बघतोय. ब्राइसला उलट. गाडी लावायची, दोन-चार मिनिटं चालायचं, की काठावरून सगळा देखावा पायाखाली. नावात कॅन्यन असला तरी तो खरा कॅन्यन नव्हेच, पठाराची कड झिजून झालेले अर्धगोल कोनाडे आहेत आणि त्यांत शेकडो सुळके दाटीवाटीने उभे. इंग्रजीत त्यांना हूडू म्हणतात. आपला ट्रेकर त्यांना सुळकेच म्हणेल, आणि इथल्या 'नॅचरल ब्रिज'ला नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक.

म्हणून सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील तर मी डोळे झाकून ब्राइस सांगेन. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही काठावरची वाट पक्की आणि जवळपास सपाट. पुढचे पॉइंट गाडीनेच होतात. पायांत जोर असेल तर क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप या दोन वाटा जोडून साडेचार किलोमीटरचा फेरा सुळक्यांच्या मधून मारता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: गडावर आधी चढ असतो, इथे आधी उतार. परतीचा 180 मीटरचा चढ दमल्यावर वाट्याला येतो, आणि तोही समुद्रसपाटीपासून 2,400 मीटरवर, जिथे विरळ हवेने धाप लवकर लागते.

हे सुळके घडवलेत थंडीने. दिवसा वितळलेलं बर्फ फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड केसभर सरकतो. वर्षातल्या कितीतरी रात्री हेच चालू. इथल्या मूळच्या पायूट लोकांच्या कथेत मात्र ही कोयोटी नावाच्या लांडग्यासारख्या प्राण्याने शाप देऊन दगड केलेली माणसं आहेत. अहिल्येच्या गोष्टीवर वाढलेल्यांना हे पटायला वेळ लागत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात काही सुळक्यांना खरंच खांदे दिसतात.

झायनला मात्र वेळ द्यावा लागतो. साधारण मार्च ते नोव्हेंबर मुख्य घळईत खासगी गाडी नेता येत नाही. फुकट शटल बस आहे, पण सकाळी आठनंतर पार्किंग मिळवणं नशिबावर. स्प्रिंगडेल गावात राहिलात तर गावातल्या शटलने दारापर्यंत जाता येतं. शेवटची बस चुकली तर तंगडतोड अटळ.

झायनचा जीव नॅरोजमध्ये, म्हणजे घळईच्या अगदी अरुंद भागात आहे. शेवटच्या थांब्यापासून दीड-दोन किलोमीटरची पक्की वाट नदीकाठाने जाते. वाटेत कोरड्या कड्याला मध्येच ओल फुटलेली दिसते, तिथे नेचे लोंबतात. माथ्यावर मुरलेलं पाणी वालुकाश्मातून झिरपत येतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि बाहेर पडतं. पुढे वाटच संपते, नदी हीच वाट. गुडघाभर, कधी कमरेएवढ्या गार पाण्यात गोट्यांवर पाय शोधत जायचं. साधे स्पोर्ट शूज चालतील असं मलाही वाटलं होतं; शंभर पावलांत भाड्याच्या बुटांचे आणि काठीचे पैसे का देतात ते कळलं. खालून वर जाऊन परतायला परवाना लागत नाही. मात्र वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की नॅरोज बंद करतात, आणि जुलै-ऑगस्टच्या वळिवात आकाश निरभ्र असलं तरी लोंढ्याचा अंदाज बघितल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. 2015 च्या सप्टेंबरमध्ये इथल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण अशाच लोंढ्यात गेले.

झायनमधल्याच एंजल्स लँडिंग या सुळक्याकडे साखळ्या धरून जायची कडा 2022 पासून सोडतीतल्या परवान्याशिवाय बंद आहे. नंबर नाही लागला तरी साखळ्यांच्या अलीकडच्या स्काउट लुकआउटपर्यंत जाता येतं, तिथवर परवाना लागत नाही.

उन्हाळ्यात झायनचा तळ 38 अंशांवर तापतो, ब्राइस उंचीमुळे दहा-बारा अंश गार. हिवाळ्यात मी ब्राइसच म्हणेन: केशरी सुळक्यांवर बर्फाच्या टोप्या आणि अमावास्येला चांदण्यांचा खच. रस्ता निसरडा असतो, तेवढं सांभाळा.

तिकीट दोन्हीकडे सारखंच, गाडीला 35 डॉलर, सात दिवस चालतं. पण 2026 पासून परदेशी पाहुण्यांना या दोन्ही पार्कांत 16 वर्षांपासून पुढे माणशी 100 डॉलर जादा पडतात. परदेशींसाठीचा वर्षाचा पास 250 डॉलरचा. चौघं मोठे निघाला असाल तर गणित तोंडी होतं.

दोन दिवस निघाले तर आधी झायन, मग ब्राइस. झायनच्या माथ्याजवळचे थर म्हणजे ब्राइसचा पाया, त्यामुळे आपण त्याच दगडी जिन्याने वर चढत जातो. वाटेत 1930 मध्ये खुला झालेला पावणेदोन किलोमीटरचा बोगदा लागतो. कड्यातच कोरलेल्या खिडक्यांतून दरी क्षणभर चमकते. तिथे गाडी थांबवायला मनाई आहे, तेव्हा चालवायला दुसऱ्याला बसवा.