बरगड्या: कुकर की ओव्हन?

बेळगावात मटणवाल्याला 'बरगड्या अखंड ठेवा' म्हटलं की तो आधी आपल्याकडे बघतो. रश्श्याला तुकडेच लागतात ना! पण बार्बेक्यूसारख्या करायच्या तर अखंडच हव्यात.

कुकरचं काम झटपट: पंचवीस मिनिटांत मऊ. मात्र चव निम्मी पाण्यात उतरते आणि उचलताना हाड हातात, मांस भांड्यात.

ओव्हनला अडीच तास लागतात. मीठ-मसाला चोळून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं, १४० अंश. मांसातल्या चिवट कोलॅजनचं, म्हणजे मांस धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं, हळूहळू मऊ जिलेटिन होतं. मांस हाडाला धरून राहतं, दातानं अलगद सुटतं. मग फॉइल काढून ब्याडगी मिरची, गूळ, चिंचेचा लेप, २२० अंशांवर दहा मिनिटं. गूळ आधीच लावलात तर करपतो. माझा ट्रे अजून काळा आहे.

लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी कुकर. एरवी मी ओव्हनवालाच.