गेम कन्सोलसाठी लॅपटॉपचे इंटरनेट : केबलने द्यावे की हॉटस्पॉटने?

लॅपटॉपला वाय-फायवरून मिळणारे इंटरनेट गेम कन्सोलपर्यंत पोहोचवण्याच्या दोन सोयी विंडोजमध्ये मुळातच असतात, आणि त्यांसाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. पहिली सोय ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ या नावाची असून ती १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. दुसरी ‘मोबाइल हॉटस्पॉट’. ती २०१६ मधल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटपासून सेटिंग्जमध्ये दिसू लागली. पहिल्या सोयीत लॅपटॉप आणि कन्सोल यांच्यामध्ये लॅन केबल असते, तर दुसरीत लॅपटॉप स्वतःच एक नवे वाय-फाय नेटवर्क उभे करतो. दोन्ही वापरून पाहिल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे की ऑनलाइन खेळण्यासाठी केबलचीच पद्धत निवडावी. हॉटस्पॉट चालू करायला कितीही सोपा असला, तरी तो तात्पुरत्या गरजेपुरता ठीक आहे.

कन्सोलला स्वतःचे वाय-फाय असताना मध्ये लॅपटॉप आणायचा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक घरांत त्याची गरज नसतेच. वसतिगृह, विद्यापीठ किंवा हॉटेल अशा ठिकाणी मात्र अडचण उभी राहते. तिथले वाय-फाय अनेकदा आधी ब्राउझरमध्ये लॉगिनचे पान उघडते आणि खोली क्रमांक किंवा वापरकर्त्याचे नाव भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. काही संस्थांत तर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड देणारी ‘एंटरप्राइज’ प्रकारची सुरक्षा असते. या दुसऱ्या प्रकारच्या नेटवर्कसाठी लागणारे रकाने कन्सोलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये साधारणपणे नसतातच, कारण ते यंत्र घरगुती राउटर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते. लॅपटॉप मात्र अशा नेटवर्कमध्ये सहज शिरतो, आणि एकदा तो शिरला की त्याच्यामागे जोडलेला कन्सोल बाहेरच्या नेटवर्कला वेगळा दिसतच नाही. ही सोय खरी मोलाची ठरते ती इथे.

दुसरा उपयोग जुन्या कन्सोलचा. २००५ साली आलेल्या मूळ एक्सबॉक्स ३६० मध्ये वाय-फाय नव्हते, त्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागे, आणि २०१० च्या ‘एस’ मॉडेलपासून ते आत बसवले गेले. लॅन पोर्ट मात्र पहिल्यापासून होता. २०१३ च्या मूळ प्लेस्टेशन ४ मध्ये वाय-फाय आहे, पण ते फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालते. शेजारपाजारच्या राउटरांनी हा पट्टा गजबजलेला असेल, तर लॅपटॉपने ५ गिगाहर्ट्झवरून इंटरनेट घेऊन ते केबलने कन्सोलला देणे हा स्पष्टपणे सरस मार्ग आहे, आणि त्यातून होणारा फरक खेळताना जाणवतो.

आता केबलच्या पद्धतीची मांडणी पाहू. कंट्रोल पॅनेलमधील ‘नेटवर्क कनेक्शन्स’ या खिडकीत वाय-फाय आणि इथरनेट (म्हणजे लॅन केबलची जोडणी) अशी दोन चिन्हे दिसतात. यांपैकी वाय-फायच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडायचे आणि ‘शेअरिंग’ टॅबवर जायचे. ‘अलाऊ अदर नेटवर्क यूझर्स टू कनेक्ट थ्रू धिस कॉम्प्युटर्स इंटरनेट कनेक्शन’ या ओळीसमोरच्या चौकटीत खूण करायची, आणि खाली यादी दिसत असेल तर तीत कन्सोलला जोडलेला इथरनेट निवडायचा. नेमक्या याच टप्प्यावर अनेकांची उलटापालट होते. इंटरनेट ज्या वाटेने लॅपटॉपमध्ये येते त्या जोडणीवर खूण करायची असते, ज्या वाटेने ते बाहेर जाते तिच्यावर नव्हे. खिडकीतील मजकूर मात्र हे पुरेसे स्पष्ट सांगत नाही. इतक्या जुन्या सोयीत ही संदिग्धता अजून शिल्लक राहावी, हे मला खटकते. ती यादीसुद्धा लॅपटॉपमध्ये एकापेक्षा जास्त इतर जोडण्या असतील तेव्हाच दिसते, त्यामुळे एखाद्याला ती दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, यात घाबरण्यासारखे काही नाही.

‘ओके’ म्हणताच विंडोज इथरनेट पोर्टला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) देते आणि लॅपटॉप एका छोट्या राउटरचे काम करू लागतो: कन्सोलला त्याच मालिकेतील पत्ता देतो, त्याचे डीएनएसचे (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याचे) प्रश्न पुढे पाठवतो आणि त्याची सगळी वाहतूक स्वतःच्या नावावर बाहेर नेतो. कन्सोलवर यापुढे करण्यासारखे फारसे उरत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘वायर्ड’ किंवा ‘लॅन केबल’ हा पर्याय निवडून सर्व काही ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायचे आणि जोडणीची चाचणी चालवायची. चाचणीच्या पडद्यावर प्रथम आयपी पत्ता, मग इंटरनेट आणि शेवटी कंपनीची ऑनलाइन सेवा अशा पायऱ्या दिसतात. बिघाड शोधताना याच क्रमाचा मोठा उपयोग होतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणजे दोष शेअरिंगमध्ये, केबलमध्ये किंवा फायरवॉलमध्ये आहे. पत्ता १९२.१६८.१३७ चा असूनही इंटरनेटची पायरी फसत असेल, तर लॅपटॉपचे स्वतःचे वाय-फाय, तिथले अपुरे राहिलेले लॉगिन किंवा डीएनएस तपासावे. वेगळ्या कंपनीचे अँटिव्हायरस बसवलेले असेल आणि त्याची स्वतःची फायरवॉल असेल, तर संशयाची सुई सर्वांत आधी तिच्याकडे वळवावी.

आपोआप पत्ता मिळत नसेल, तर तो हाताने भरता येतो: कन्सोलला १९२.१६८.१३७.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे व डीएनएस या दोन्ही ठिकाणी १९२.१६८.१३७.१. एवढे आकडे भरून जोडणी सुरू झाली, तर पत्ते वाटण्याच्या कामातच अडथळा होता हे कळते आणि पुढचा शोध सोपा होतो.

केबलबद्दल जुन्या मार्गदर्शनांत ‘क्रॉसओव्हर’ केबल हवी असे लिहिलेले आढळते. आजच्या गिगाबिट पोर्टना ती लागत नाही, कारण ते तारांची अदलाबदल स्वतःच ओळखून घेतात. साधी लॅन केबल पुरते. खरी अडचण आहे ती पोर्टची. पातळ लॅपटॉपमधून लॅन पोर्ट नाहीसा होत चालला आहे, आणि मग यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर घ्यावा लागतो. तो निवडताना यूएसबी ३ चा आणि गिगाबिट असा निवडावा, कारण स्वस्तातल्या अनेक अडॅप्टरांची मर्यादा सेकंदाला १०० मेगाबिट असते. खेळण्यासाठी तेवढा वेग भरपूर होतो, पण आजचे गेम दहादहा गिगाबाइटच्या पटीत डाउनलोड करावे लागतात, तेव्हा हा फरक तासांमध्ये मोजावा लागतो. निन्टेन्डो स्विचच्या बाबतीत डॉककडेही पाहावे लागेल: २०१७ च्या मूळ डॉकला लॅन पोर्ट नाही, २०२१ च्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे. मूळ डॉक असेल तर कन्सोलच्या बाजूलाही एक यूएसबी अडॅप्टर लागतो.

या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव दुहेरी नॅटची आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. राउटर घरातील सर्व उपकरणांची वाहतूक एका बाह्य पत्त्याखाली बाहेर नेतो, यालाच नॅट म्हणतात. लॅपटॉपही कन्सोलसाठी तेच करतो. त्यामुळे कन्सोलपर्यंत येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या खेळाडूच्या जोडणीला एकामागून एक दोन भिंती ओलांडाव्या लागतात. एक्सबॉक्स नॅटचा प्रकार ‘ओपन’, ‘मॉडरेट’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ असा दाखवतो, प्लेस्टेशन त्याला १, २, ३ असे क्रमांक देते आणि निन्टेन्डो अक्षरे वापरते. लॅपटॉपमागे बसलेल्या कन्सोलला यांतली मोकळी श्रेणी सहसा मिळत नाही. ज्या खेळांचे सामने कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यांत याचा फारसा त्रास होत नाही. पण ज्यांत खेळाडूंची यंत्रे थेट एकमेकांशी जोडली जातात, त्यांत मित्राच्या सामन्यात प्रवेश न मिळणे, आपण उघडलेल्या सामन्यात इतरांना येता न येणे, किंवा गटातील एकाचाच आवाज ऐकू न येणे, असे प्रकार घडतात. हा शेवटचा प्रकार फार फसवा असतो, कारण बाकी सर्व सुरळीत चालत असल्याने दोष हेडसेटचा वाटतो.

राउटर आपल्या ताब्यात असेल तर यावर उपाय आहे. त्याच ‘शेअरिंग’ टॅबमधील ‘सेटिंग्ज’ या बटणाखाली पोर्ट (इथे केबल लावण्याची जागा नव्हे, तर वाहतूक ओळखण्याचा क्रमांक) पुढे पाठवण्याची सोय आहे. एक्सबॉक्ससाठी यूडीपी या प्रकारच्या वाहतुकीचा ३०७४ हा पोर्ट लॅपटॉपवरून कन्सोलकडे आणि राउटरवरून लॅपटॉपकडे असा दोन्ही ठिकाणी वळवावा लागतो. त्यासाठी कन्सोलचा आणि लॅपटॉपचा, दोघांचाही पत्ता कायम राहील असे पाहावे. वसतिगृहात किंवा हॉटेलात राउटर आपल्या हाती नसतो, आणि तिथे ‘मॉडरेट’वर समाधान मानण्यावाचून इलाज नाही. दुहेरी नॅट टाळण्यासाठी वाय-फाय आणि इथरनेट यांचा ‘ब्रिज’ करावा, म्हणजे दोन्ही जोडण्या एकाच नेटवर्कमध्ये सांधाव्यात, असेही सुचवले जाते, परंतु वाय-फायवर तो भरवशाचा ठरत नाही. साध्या जोडणीत राउटर फक्त त्याच्याशी रीतसर जोडल्या गेलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ओळखतो, आणि मागून आलेल्या कन्सोलचा अनोळखी पत्ता तो स्वीकारत नाही. वाय-फायवरून इंटरनेट घेताना शेअरिंगच करावे.

दुसरी उणीव टिकाऊपणाची. ही सेवा चार मिनिटे वाहतूक नसेल तर बंद होते आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर आपोआप चालू होत नाही, हे वर्तन मायक्रोसॉफ्टने स्वतःच नोंदवले आहे. त्यावर सेवेचा प्रारंभ ‘ऑटोमॅटिक’ करून रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद वाढवण्याचा उपायही दिला आहे. ज्यांना रजिस्ट्रीला हात लावायचा नाही, त्यांनी शेअरिंगची खूण काढून ‘ओके’ म्हणावे आणि पुन्हा खूण करावी. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते. लॅपटॉप झोपी गेला की कन्सोलचेही इंटरनेट जाते, म्हणून चार्जर लावून ठेवावा, स्लीप बंद ठेवावे आणि झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ हा पर्याय निवडावा. रात्रभर डाउनलोड लावणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

मोबाइल हॉटस्पॉटची मांडणी याहून कितीतरी सुबक आहे. सेटिंग्जमधील एक कळ सरकवली की नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड समोर येतो, तो कन्सोलवर भरायचा, आणि आठपर्यंत उपकरणे जोडता येतात. ‘शेअरिंग’ टॅबमध्ये गोंधळणाऱ्या माणसालाही हे सहज जमते, आणि केबल किंवा अडॅप्टर हाताशी नसेल तर हाच पर्याय उरतो. परंतु इथे एकाच वाय-फाय कार्डला दोन्ही कामे करावी लागतात. प्रत्येक पॅकेट आधी राउटरकडून लॅपटॉपकडे आणि मग लॅपटॉपकडून कन्सोलकडे, असे हवेतून दोनदा जाते. दोन्ही प्रवास एकाच चॅनेलवर होत असतील तर उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. वेगापेक्षाही मला खुपतो तो पिंगमधील, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेतील, चढउतार. डाउनलोड तो सहन करते, चित्रपट पाहतानाही कळत नाही, पण नेमबाजीच्या किंवा मारामारीच्या खेळात बटण दाबणे आणि पडद्यावर कृती घडणे यांतील अंतर सतत बदलत राहिले, तर हाताचा सरावच निरुपयोगी होतो. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर मूळ प्लेस्टेशन ४ ला तो यादीत दिसणारच नाही, हेही ध्यानात ठेवावे. उपकरण जोडलेले नसताना हॉटस्पॉट बंद करणारा वीजबचतीचा पर्याय असतो. कन्सोल मधूनमधून विश्रांतीत जात असेल तर तो बंद ठेवावा.

मॅकवर ही सोय ‘इंटरनेट शेअरिंग’ नावाने आहे आणि वाय-फायकडून इथरनेटकडे ती उत्तम चालते, मात्र वाय-फायवरून घेतलेले इंटरनेट पुन्हा वाय-फायवरच वाटू देत नाही. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर असेल तर इथरनेटच्या आयपीव्ही४ पद्धतीत ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडले की पुरते. लॅपटॉपचा पत्ता मग १०.४२.०.१ असतो. तिन्हींमध्ये मांडणी मला लिनक्सचीच सर्वांत स्पष्ट वाटली, कारण तिथे शेअरिंग ज्या पोर्टवर हवे त्याच पोर्टवर ते सांगायचे असते.

ज्यांच्या घरी राउटरपर्यंत केबल नेता येते, किंवा ज्यांचा कन्सोल राउटरच्याच खोलीत आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. कन्सोल थेट राउटरला जोडावा. वसतिगृहात राहणाऱ्यांनी, आणि चांगला लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप टेबलावर कायम चालू ठेवू शकणाऱ्यांनी मात्र केबलची पद्धत निःशंकपणे वापरावी. काही संस्था जोडणी इतर उपकरणांना वाटण्यास नियमाने मनाई करतात, म्हणून केबल लावण्यापूर्वी तिथल्या नेटवर्कच्या अटी वाचून घ्याव्यात.