जुने महोगनी ड्रेसिंग टेबल की नवे सागवानी?

बेळगावच्या कॅम्पातील एखाद्या जुन्या बंगल्यातून निघालेले महोगनीचे कोरीव ड्रेसिंग टेबल घ्यावे, की तेवढ्याच पैशांत सुताराकडून नवे सागवानी करून घ्यावे, असा पेच ज्यांच्यापुढे आहे त्यांनी आधी लाकडांचे गुण पाहावेत. महोगनी मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेची. इंग्लंडने १७२१ मध्ये वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि ती तिकडच्या फर्निचरमध्ये रुळली. तिचा पोत बारीक असून ती वाळताना फारशी आक्रसत नाही, त्यामुळे तिच्यावर नाजूक पानवेलही कडा न ढलपता उतरते. सागवानात सिलिका असल्याने पटाशीची धार लवकर जाते. नक्षी जरा ठसठशीत ठेवलेलीच बरी.

कारागिरीचा खरा निवाडा खण बाहेर काढल्यावर होतो. पुढची फळी आणि बाजू जिथे एकमेकींत अडकवलेल्या असतात, तिथले दात हाताने कापलेले असतील तर ते किंचित कमीजास्त रुंदीचे असतात आणि त्यांच्या मुळाशी आखणीची बारीक रेघ दिसते. मात्र एवढ्यावरून टेबल जुने ठरत नाही, कारण आपल्याकडचे सुतार असे दात अजूनही हाताने कापतात. आरशाच्या चौकटीवर बाजूने उजेड टाकावा: सपाट भागातल्या लाकडाच्या रेषा पानाच्या अंगावर तशाच सलग चढत असतील तर नक्षी त्याच फळीतून उठवलेली आहे, आणि तिथे तुटत असतील तर ती वरून डकवलेली आहे. नव्या सागवानी टेबलांवरील नक्षी पुष्कळदा सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या यंत्राची असते. डावी-उजवी वेल हुबेहूब जुळते आणि खोलगट जागी समांतर बारीक रेघा राहतात. हातकाम हवे असेल तर मजुरी ठरवतानाच ते स्पष्ट बोलून घ्यावे.

लालसर रंगावर मात्र भुलू नये, कारण महोगनी छटेचे पॉलिश कोणत्याही लाकडावर चढते. खणाचा तळ आणि पायांची खालची बाजू पाहावी. (शेताच्या बांधावर लावलेली कोवळी महोगनी ही त्या जुन्या, सावकाश वाढलेल्या लाकडाच्या तोडीची नव्हे.)

खानापूर-लोंढ्याकडील पावसाळ्यात भिंतींना ओल धरणाऱ्या घरांत सागवानच घ्यावे. वाळवीपुढे त्याचा गाभा महोगनीपेक्षा अधिक टिकतो. अथणी-चिक्कोडीच्या कोरड्या हवेत किंवा शहरातील वरच्या मजल्यावर महोगनी खुशाल ठेवावी. तिच्यावरचे जुने पॉलिश बहुधा चपडा लाखेचे असते. त्यावर ओला पेला ठेवल्यास पांढरे वळ उमटतात आणि सेंट सांडल्यास त्यातील स्पिरिटने ते विरघळते, ही ड्रेसिंग टेबलाच्या बाबतीत किरकोळ अडचण नव्हे.

माझा कल महोगनीकडे आहे, पण नक्षी अंगच्या लाकडातली असेल तरच. आरशाला कडेने काळे डाग पडलेले असले तरी तो मूळचा असल्यास बदलू नये. पाठीला प्लायवूड ठोकलेले आढळल्यास मात्र किंमत निःसंकोच पाडून मागावी.