नसलेली आयसी 'उडाली' आणि माझे ३,६१८ रुपये गेले

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला तरी मलाच हाक येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली हसायला सोपं जाईल.

भाच्यासाठी हातात धरून खेळायचा गेम घरी बनवला होता. रास्पबेरी पाय झिरो (बोटभर कॉम्प्युटर बोर्ड), छोटा स्क्रीन, आवाज वाढवणारा पीएएम ८४०३ अँप्लिफायर, ८ ओहमचा स्पीकर. झकास वाजायचा. मग मेमरी कार्ड बिघडलं, नव्या कार्डावर सगळं परत टाकलं आणि आवाज गायब. चित्र येतंय, बटणं चालतायत, पण स्पीकर मुका. एका ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत एकाचा पर्सनलवर मेसेज, "सर, फोटो पाठवा." तपासणीचे २९९ रुपये घेतले आणि म्हणाला, "बोर्डावरची ऑडिओ आयसी उडालीय."

इथंच. इथंच फोन ठेवायला हवा होता. अहो, पाय झिरोवर वेगळी ऑडिओ आयसी, म्हणजे आवाजाची चिप, नसतेच! हेडफोनचं भोकसुद्धा नसतं. प्रोसेसरच्या पिनांवरून पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद होणारा सिग्नल निघतो, तो फिल्टर करून आपणच अँपला द्यायचा. तो फिल्टर मीच सोल्डर केलेला, रेझिस्टर-कपॅसिटर मोजून. आणि तरी मी त्याला "असं होय" म्हणालो. रात्रीचे साडेअकरा, सेकंड शिफ्ट करून आलेलो, भाचा सारखा मागं लागलेला. शिवाय तो इतका ठाम बोलत होता की मला वाटलं, नवीन बोर्डात काही बदललं असेल.

१,४५० ॲडव्हान्स दिला. बोर्ड कुरिअरनं पाठवलं, त्याचे १२०. आठ दिवस "आज होईल, उद्या होईल". शेवटी मी आवाज चढवला तर लगेच मवाळ. "पैसे परत करतो सर, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, १,७४९ जमा होतील." टाकला. आणखी १,७४९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी आईला दहा वेळा बजावलंय. मीच.

पुढची मजा ऐका. बँकेत गेलो, तर "पिन तुम्हीच टाकलाय ना?" एवढं एकच वाक्य. ठाण्यात गेलो, तर म्हणे सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, स्क्रीनशॉट बघितले आणि विचारलं, "गेम? हे काय तुमचं गेम खेळायचं वय आहे का?" शेजारचे दोघं फिदीफिदी हसले. रक्कम लाखात असती तर खुर्ची तरी दिली असती. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना! दोन रजा गेल्या, त्या ३,६१८ मध्ये धरलेल्याच नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी तिसऱ्या दिवशी केला, ही मात्र माझी चूक. तुम्ही पैसे गेल्या गेल्या लावा, तोवर ते पुढच्या खात्यात गेलेले नसण्याची शक्यता जास्त.

आणि बिघाड? मिरजेच्या मित्राचं बोर्ड आणलं, माझंच कार्ड घातलं. तीच शांतता. म्हणजे माझं बोर्ड पहिल्यापासून ठणठणीत होतं. कार्डावरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ऑडरीमॅपची, म्हणजे आवाज कुठल्या पिनांवर काढायचा ते सांगणारी ओळ मी नुसतीच लिहिलेली, पिना न सांगता. तशी लिहिली की आवाज बोर्डाच्या जीपीआयओ १२ आणि १३ या पिनांवर जातो. माझ्या तारा १८ आणि १९ वर. ओळीत त्या पिना लिहिल्या, रीस्टार्ट केलं, वाजलं. खर्च शून्य.

स्पीकरवर संशय असेल तर अँपपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, खट् झालं तर स्पीकर जिवंत. ८४०३ वर स्पीकरची कुठलीच तार ग्राउंडला जोडू नका, तेव्हा मात्र आयसी खरंच उडू शकते. आणि बोर्ड हातात न घेता फोटोवरून आयसी गेली म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठली आयसी? नंबर सांग.

मित्राचं बोर्ड रविवारी परत द्यायचंय. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.