वायपरचा बिघाड मुळापर्यंत शोधणारे दुकान : वसमत रस्ता, परभणी

परभणीच्या वसमत रस्त्यावर मोटारींच्या वायरिंगची कामे करणारे एक छोटे दुकान आहे. जुन्या गाडीच्या वायपरची तक्रार घेऊन मी तेथे गेलो होतो. ते काम ज्या पद्धतीने झाले, त्याविषयी सविस्तर लिहावे असे मनापासून वाटते. कारण वायपर बिघडला की त्याची मोटार बदला असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण बिघाड नेमका कोठे आहे हे तपासून डोळ्यांसमोर दाखवणारे फार थोडे.

गाडी 2008 सालची, पेट्रोलवर चालणारी. भर पावसात वायपर रेंगाळत फिरत आणि हेडलाइट लावले की आणखी मंदावत. शिवाय स्विच बंद केल्यावर खाली आपल्या जागी जाऊन बसण्याऐवजी ते काचेच्या मध्यावर, नेमके चालकाच्या नजरेसमोर थांबत. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच ‘वायपरची मोटार गेली’ असा निकाल मिळाला होता.

या दुकानातील मिस्त्रींनी हत्याराला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला : दोन्ही वेगांना मंद चालतो की एकाच? या प्रश्नाला अर्थ आहे. वायपरच्या मोटारीत हळू आणि जलद वेगासाठी वेगवेगळे कार्बन, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे, असतात. एकच वेग बंद पडला असेल तर संशय कार्बनवर किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचवर जातो, दोन्ही वेग मंदावले असतील तर वीजपुरवठा, अर्थिंग (गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून वीज बॅटरीकडे परत जाण्याची वाट) आणि लिंकेज (मोटारीची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी जोडणी) आधी पाहावे लागते. माझ्या गाडीचे दोन्ही वेग मंदावले होते. त्यांनी काचेवर पाणी ओतून वायपर चालवले, कारण कोरड्या काचेवर रबर ओढले जाते आणि अंदाज चुकतो. मग दोन्ही पाती काचेपासून उचलून पुन्हा चालवले. वेग तेवढाच राहिला, म्हणजे दोष रबराच्या घर्षणाचा नव्हता.

त्यानंतरचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पाती जेथे टेकतात तेथे काचेवर चिकटपट्टीची खूण करून त्यांनी दोन्ही दांडे काढले, काचेखालची प्लास्टिकची जाळी उचलली आणि मोटारीपासून लिंकेज सुटे केले. आता यांत्रिक दोष आणि विजेचा दोष वेगळे झाले. हाताने फिरवून पाहिल्यावर चालकाकडचा स्पिंडल, म्हणजे ज्यावर वायपरचा दांडा फिरतो तो आस, घट्ट लागत होता. ग्रीस वाळले होते आणि धूळ आत बसली होती. तरीही एवढ्यावर समाधान न मानता त्यांनी सुटी मोटार एकटी चालवून पाहिली, आणि तीही सुस्तच फिरली.

इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे 14 व्होल्ट मिळत होते आणि मोटारीच्या प्लगपर्यंत येणारा पुरवठाही ठीक होता. तेव्हा त्यांनी मीटरची एक तार मोटारीच्या धातूच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून वायपरचा स्विच दाबला. अर्थिंग चांगले असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ राहतो. येथे तो 2 व्होल्टच्या वर गेला. म्हणजे तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. खात्रीसाठी त्यांनी एक जाड तार मोटारीच्या अंगापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला धरली आणि मोटार त्याच क्षणी झपाट्याने फिरू लागली. “सर, मोटारीला काही झालेलं नाही, तिला करंटच पुरंना झालाय,” असे ते म्हणाले. ही चाचणी मोटार न चालवता केली असती तर मीटरवर काहीच दोष दिसला नसता, कारण विजेचा भार नसताना गंजलेला जोडही निर्दोष भासतो.

कारण जाळीखालीच होते. कडुलिंबाची वाळकी पाने साचून पाणी वाहून जाण्याचे छिद्र बुजले होते आणि त्या ओलीत अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. बोल्ट व त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून, घट्ट आवळून, त्यावर पेट्रोलियम जेलीचा थर देण्यात आला. स्पिंडल काढून साफ करून नवे ग्रीस भरले गेले. मध्येच थांबण्याचा दोष मात्र निराळा निघाला. मोटारीच्या दातेरी चाकावर तांब्याची एक चकती असते; स्विच बंद केल्यावरही पाती खाली पोहोचेपर्यंत मोटारीला वीज देत राहणे हे तिचे काम. तिच्यावर जुने ग्रीस काळे पडून कडक झाले होते, ते खरवडताच पाती आपल्या जागी जाऊन बसू लागली. दांडे चिकटपट्टीच्या खुणेवरच बसवले, कारण एका दात्याचाही फरक पडला तर पाते काचेच्या कडेच्या खांबावर आदळते.

मजुरी 700 रुपये झाली. नवी मोटार लागली नाही. दुरुस्ती न करता केवळ तपासणी करून घेतली तरी ते वेगळे पैसे घेतात, आणि मला ते पूर्णपणे रास्त वाटते, कारण येथे खरे कौशल्य तपासणीतच आहे.

काही उणिवाही सांगायला हव्यात. छापील बिल मिळत नाही. दुकानात ठेवलेली पाती हलक्या प्रतीची आहेत. मराठवाड्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात अशा पात्यांचे रबर एका उन्हाळ्यातच कडक होते, म्हणून चांगली पाती बाहेरून घेऊन जावीत. काच धुणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याकडे त्यांनी स्वतःहून लक्ष दिले नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचून आमच्या गाडीचे एक छिद्र बंद होते. सांगितल्यावर त्यांनी ते बारीक तारेने मोकळे केले. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि वायपर चालू स्थितीत असणे तेथेही आवश्यक असते, त्यामुळे हे सारे एकदाच करून घेणे बरे.

मृग लागला की दुकानासमोर रांग लागते. लिंकेज बाहेर काढायचे झाल्यास अर्धा दिवस जातो, तेव्हा मे महिन्यातच आणि सकाळी लवकर गाडी न्यावी.