नुसता बेल्ट बदलायचा की टेन्शनरसकट?

सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून चीं-चीं ऐकू यायला लागलं, की नाशिकच्या गॅरेजांत दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, नुसता बेल्ट टाका. दुसरा म्हणतो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुली (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) यांच्यासकट सगळंच बदला. (टायमिंग बेल्ट वेगळा, इथे बोलतोय ते इंजिनच्या बाहेरून पुल्या फिरवणाऱ्या बेल्टबद्दल.)

या बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही फिरतो. कसारा घाट चढताना तो तुटला तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो. पंप त्याच्यावरच असेल, तर पाठोपाठ इंजिन तापतं. तेव्हा गाडी पुढे रेटू नका, बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

चिरा दिसत नाहीत म्हणजे बेल्ट ठीक, हा हिशोब जुन्या प्रकारच्या बेल्टचा. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा खोल होतात, पकड सुटते. म्हणून निव्वळ बघून निकाल देणाऱ्यावर मी विसंबत नाही. इंजिन चालू असताना हात आणि कपडे लांब ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे, टेन्शनर तपासा. आवाज थांबून पुन्हा आला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत, आणि तिथे नवा बेल्टही लवकर खराब होईल.

खरा निर्णय बेल्ट काढल्यावर होतो. पुल्या हाताने फिरवायला सांगा, शेजारी उभं राहून बघा. खरखर नाही, पुली डगमगत नाही, टेन्शनरचा दांडा सलग हलतो, तर नुसता बेल्ट पुरेसा, पैसे वाचवा. यातलं काहीही बिघडलेलं असेल, किंवा गाडी लाखभर किलोमीटर धावली असून टेन्शनर मूळचाच असेल, तर मी पूर्ण सेटच घेईन. सुट्या भागांचा खर्च वाढतो खरा, पण बेल्ट उतरवण्याची मजुरी दोन्हीकडे एकदाच पडते. बेल्टवर तेल किंवा कूलंट सांडलेलं असेल, तर आधी गळती बंद करा. आवाज दाबणारा स्प्रे मारून घेऊ नका.

काही छोट्या गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणून बसवायचा बेल्ट असतो. तो एकदा काढला की परत वापरत नाहीत, तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. कुठलाही बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर जुळवा: ६पीके१०३० म्हणजे बेल्टवर ६ उभ्या धारा (खाचांमधले उंचवटे), लांबी १०३० मिलिमीटर.