अनुदानाचा प्रकल्प की थेट करार? टीटीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी

टीटीसीत, म्हणजे नवी मुंबईतल्या दिघ्यापासून शिरवण्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात, सांडपाण्याचा एखादा हट्टी प्रश्न ईटीपी (कारखान्यातलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) चालवणाऱ्याच्या हाताबाहेर गेला आणि आयआयटीसारख्या संशोधन संस्थेकडे जायचं ठरलं, की दोन रस्ते दिसतात. पहिला म्हणजे सरकार, संस्था आणि कंपनी असा तिघांचा अनुदानित प्रकल्प. दुसरा म्हणजे कंपनीने स्वतःच्या पैशाने संस्थेशी केलेला छोटा करार. त्यात सरकार येतं ते फक्त परवानगीपुरतं. दिवसाला ५० ते १०० घनमीटर सांडपाणी असलेलं रंग, रसायन किंवा बल्क ड्रगचं (औषधांतल्या मूळ रसायनाचं) युनिट डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा आर अँड डी विभाग आहे त्यांचं गणित निराळं.

तिसरा रस्ताही आहे, नेरूळ, वाशी किंवा ऐरोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा प्रोजेक्ट. पाण्याचा ताळेबंद मांडायला, पंपांचे रीडिंग घ्यायला किंवा वाफेच्या गळत्या शोधायला तो छान आहे. पण मुलं एप्रिलनंतर नसतात आणि पावसाळ्यातलं पाणी त्यांना दिसतच नाही. तेव्हा प्रक्रिया बदलायची असेल तर हा पर्याय सोडून द्या.

कागदावर अनुदान सहज जिंकतं. उच्चतर आविष्कार योजनेत ५० टक्के शिक्षण मंत्रालय, २५ टक्के संबंधित मंत्रालय आणि २५ टक्के उद्योग अशी वाटणी होती. त्या हिशेबाने १ कोटीच्या कामात तुमचे २५ लाख जातात. थेट करारात सगळा खर्च तुमचा, वर कन्सल्टन्सी म्हणून बिल आलं तर १८ टक्के जीएसटी. तुमचा माल करपात्र असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे अडतो तो फक्त रोख पैसा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेल्या संस्थांनी अनुदानातून केलेल्या संशोधनाला १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी माफ आहे, आणि ते अनुदान खासगी असलं तरी चालतं. त्यामुळे कागद बनवण्याआधीच संस्थेच्या लेखा विभागाला विचारा की तुमचं काम कन्सल्टन्सी धरणार की संशोधन अनुदान.

संस्थेतल्या खरेदीच्या दिरंगाईबद्दल पूर्वी जे बोललं जायचं ते आता तितकंसं लागू नाही. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांची कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली आणि खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाख. हप्त्यांचं दुखणं मात्र तसंच आहे. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सरकारी वित्त नियमांतला जीएफआर १२-ए नमुना, गेल्याशिवाय दुसरा हप्ता येत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळंच थांबतं. या काळात ज्याला महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं मिळायला हवं तो जेआरएफ, म्हणजे प्रकल्पावरचा कनिष्ठ संशोधक, वाट बघत राहतो आणि बरी नोकरी मिळाली की जातो. त्याच्याबरोबर तुमच्या सांडपाण्याची सगळी ओळखही जाते. तरी एवढ्यावरून मी अनुदानाला नाही म्हटलं नसतं. उशीर सोसता येतो.

माझ्यापुरता निकाल लावला तो कॅनने.

अनुदानातून घेतलेली यंत्रसामग्री तुमच्या मालकीची होत नाही. मंजुरी देणाऱ्या खात्याला विचारल्याशिवाय ती विकता किंवा काढून टाकता येत नाही, ऑडिटच्या वेळी जागेवर दाखवावी लागते. म्हणून बहुतेक वेळा पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरच्या चाचणीचा, रिॲक्टर संस्थेच्या आवारात उभा राहतो आणि सांडपाणी मात्र तुमच्या शेडमध्ये असतं. मग ५० लिटरचे कॅन भरायचे, ऐरोली पुलावरून पवईला नाहीतर वाशी पुलावरून माटुंग्याला न्यायचे. अंतर किरकोळ आहे, पण पाणी पोचतं तेव्हा ते निघतानाचं पाणी राहिलेलं नसतं. उन्हात सॉल्व्हंट झाकणापाशी जमून उडतो, सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं, गाळ बसतो, पीएच सरकतो आणि जंतू आपलं काम करत राहतात.

सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन, मोजायचा असेल तर सल्फ्युरिक आम्ल टाकून पीएच २ च्या खाली आणतात आणि नमुना ४ अंशांवर ठेवतात. मोजणीसाठी ते बरोबरच आहे. पण ज्या पाण्यावर प्रक्रियेचा प्रयोग करायचा त्यात आम्ल टाकलं की ते तुमचं पाणीच राहत नाही. म्हणजे टिकवलं तर बदलतं आणि नाही टिकवलं तरी बदलतं.

त्यात कॅन म्हणजे एका क्षणाचा नमुना. सोमवारी रिॲक्टर धुतल्याचं पाणी आणि गुरुवारचं मदर लिकर (माल गाळून घेतल्यावर उरलेला द्रव) यांत सीओडी सहज पाचपट कमी-जास्त असतो. सगळे प्रवाह एकत्र मिसळणारी इक्वलायझेशन टाकी ते सावरते, कॅन सावरत नाही. संस्थेच्या लोकांना हे कळत नाही असं अजिबात नाही, त्यांना सगळं ठाऊक असतं. पण दर आठवड्याला कॅन आणून देणं कुणाचं काम, हे मंजुरीपत्रात कुठेच लिहिलेलं नसतं. शेवटी कॅन यायचे थांबतात आणि प्रयोगशाळेत एक रंग पाण्यात विरघळवून कृत्रिम सांडपाणी तयार होतं. पुढचे आलेख त्याचेच असतात.

हे किती महागात पडू शकतं ते फेंटन प्रक्रियेवरून बघा, कारण आपल्या पट्ट्यात हमखास सुचवली जाते ती तीच. पीएच ३ च्या आसपास आणायचा, फेरस सल्फेट टाकायचं, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं. कृत्रिम पाण्यात रंग भराभर उडतो. खऱ्या पाण्यात क्लोराइड असतं आणि रंगावर तुटून पडायला हवेत ते हायड्रॉक्सिल रॅडिकल तेच खाऊन टाकतं. शिवाय क्लोराइड लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीने काढलेला सीओडीचा आकडाच भरवशाचा राहत नाही. उरलेलं पेरॉक्साइडही सीओडी म्हणून मोजलं जातं. लिटरला १,००० मिलिग्रॅम पेरॉक्साइड शिल्लक असेल तर साधारण ४५० मिलिग्रॅम खोटा सीओडी दिसतो. सीईटीपीच्या, म्हणजे सामायिक सांडपाणी केंद्राच्या, आउटलेटची मर्यादा २५० आहे, त्यापुढे हा घोळ केवढा ते लक्षात येईल. मोजण्याआधी पेरॉक्साइड संपवलं होतं का, हा प्रश्न अहवाल हातात आल्या आल्या विचारा.

प्रयोगशाळेत सहसा न मांडला जाणारा हिशेबही आहे. १ ग्रॅम सीओडी पूर्ण जाळायला सिद्धांताने २.१२५ ग्रॅम पेरॉक्साइड लागतं. लिटरला ८,००० मिलिग्रॅम सीओडीचं ५० घनमीटर पाणी म्हणजे दिवसाला ४०० किलो सीओडी. त्याला शुद्ध पेरॉक्साइड ८५० किलो, म्हणजे बाजारातलं ५० टक्क्यांचं १,७०० किलो लागेल. दररोज! म्हणून फेंटन सगळ्या पाण्यावर चालवायचीच नसते. जास्त सीओडीचा एखादा छोटा प्रवाह वेगळा काढायचा, त्यातले न पचणारे रेणू अर्धवट तोडायचे आणि उरलेलं काम जैविक टाकीवर सोपवायचं. कोणता प्रवाह वेगळा काढायचा हे शेडमध्ये उभं राहिल्यावरच कळतं. लोहाचा गाळ निघतो तो घातक कचऱ्याच्या यादीत ३५.३ क्रमांकावर बसतो आणि टनाच्या भावाने तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात जातो. बीकरच्या तळाशी तो चमचाभर दिसतो, म्हणून कुणी तोलत नाही.

थेट करारात पायलट स्किड, म्हणजे एका चौकटीवर बसवलेला छोटा संच, तुमच्या इक्वलायझेशन टाकीशेजारी उभा राहतो. दिवसाला ५०० ते १,००० लिटर, म्हणजे प्रवाहाच्या एक-दोन टक्के, पुरेसं होतं. पाणी तेच, पाळीवरचा ऑपरेटर तोच, आणि बिघाडही खरेच होतात. डोसिंग पंपाची नळी फाटते, पीएचच्या इलेक्ट्रोडवर तेलकट थर चढतो आणि तो ४ दाखवत राहतो, रात्री वीज जाऊन आल्यावर आम्लाचा पंप आपोआप सुरू होतो पण मिक्सर होत नाही. हे सगळं पायलटवर झालेलं परवडतं.

करार तीन टप्प्यांत करावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबायची सोय ठेवावी. पहिला सहा ते आठ आठवड्यांचा. वेगवेगळ्या उत्पादनांच्या काळात घेतलेले निदान तीन २४ तासांचे मिश्र नमुने आणि त्यांवर जार टेस्ट, म्हणजे बीकरमधल्या रसायनाच्या चाचण्या. दुसरा पायलटचा, निदान बारा आठवडे, आणि त्यात पावसाचे काही दिवस यायलाच हवेत, कारण आपल्याकडे जुलैत गटारात काय काय शिरतं ते तुम्हाला माहीत आहे. तिसरा टप्पा डिझाइनच्या आकड्यांचा. दर घनमीटरमागे किती रसायन, किती युनिट वीज, किती किलो ओला गाळ आणि त्यात ओलावा किती टक्के, हे चार आकडे करारात नावानिशी लिहून घ्या. कच्च्या नोंदींची शीट मागा, नुसते आलेख नकोत. प्राध्यापक स्वतः किती वेळा साइटवर येणार तेही लिहा. तुमच्या बाजूने आधीच्या ३० दिवसांचा प्रवाह, पीएच, सीओडी, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि त्या-त्या दिवशी चाललेलं उत्पादन अशी वही तयार ठेवा. ती नसेल तर पहिला टप्पा तिच्यातच जातो.

पेटंटच्या बाबतीत मालकीपेक्षा वापराकडे बघावं. संयुक्त पेटंटात पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दोघांनाही स्वतः वापरायची मुभा असते, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणालाच परवाना देता येत नाही. तुम्ही काम जॉबवर बाहेर देत असाल तर ती संमती करारातच घेऊन ठेवा. विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा पोस्टर अर्जाच्या आधी बाहेर पडलं तर नावीन्य गेलं. प्रकाशनाआधी मसुदा तुम्हाला दाखवायचं कलम दोन्ही रस्त्यांवर मिळतं. अनुदानात त्यावर घासाघीस जास्त होते, आणि सरकारी पैसा असल्यामुळे तेही रास्तच आहे.

सरकारबद्दल एक गैरसमज इथे नेहमी होतो. दिल्लीहून आलेलं मंजुरीपत्र म्हणजे बोर्डाची, अर्थात प्रदूषण नियंत्रण मंडळाची, परवानगी नव्हे. वाया जाणारं आम्ल किंवा क्षार दुसऱ्याला कच्चा माल म्हणून द्यायचा असेल तर २०१६ च्या घातक कचरा नियमांतला नियम ९ लागतो. केंद्रीय मंडळाची त्या वापरासाठी ठरलेली कार्यपद्धती आहे का ते आधी पाहायचं. नसेल तर ट्रायलची परवानगी मागायची आणि ती ट्रायल खऱ्या मालावर, खऱ्या जागी दाखवायची. पाण्याचा पायलटही बोर्डाला लेखी कळवूनच सुरू करावा, आणि पायलटमधून निघालेलं पाणी पुन्हा इक्वलायझेशन टाकीतच सोडावं, थेट सीईटीपीच्या लाइनीत नाही. तुमचा प्रश्न फक्त ताज्या पाण्याच्या बचतीचा असेल, तर संशोधनाच्या आधी महापालिकेच्या कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांतून टीटीसीला मिळणाऱ्या तृतीय स्तरावर शुद्ध केलेल्या पाण्याची चौकशी करा. नवा शोध लावण्यापेक्षा नळजोड स्वस्त पडू शकतो.

अनुदानाची बाजू खरोखर जड होते अशा जागाही आहेत. नवं उत्प्रेरक किंवा पडदाच घडवायचा असेल, ज्याला पीएचडीइतका वेळ लागेल, तिथे स्वतःच्या पैशाने उतरू नये. एकाच प्रकारच्या पाण्याचे आठ-दहा कारखाने असोसिएशनमार्फत एकत्र येत असतील तर तिघांचा प्रकल्प शोभतो, कारण पायलट सीईटीपीच्या आवारात उभा करता येतो आणि कॅनचा प्रश्नच मिटतो. कोट्यवधींचं उपकरण रोज लागणार असेल तरीही तसंच.

शिवाय थेट करार केला म्हणून सरकारी पैशाचं दार बंद होत नाही. १ जुलै २०२५ ला मंजूर झालेली केंद्राची १ लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेषाची आरडीआय योजना तंत्रज्ञानाच्या तयारीच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथीपासून पुढच्या कामांसाठी आहे. म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं काम घेऊन या, असंच ती सांगते. तंत्रज्ञान विकास मंडळ प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देतं, तेही व्यापारी उत्पादनासाठी. दोन्हींकडे जाताना बारा आठवड्यांची पायलटची शीट हातात असली तर बोलणं सोपं जातं. म्हणून, आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावं हे खरं असलं, तरी क्रम माझ्या मते असा असावा: आधी छोटा थेट करार, मग सरकार.

वीज आणि वाफेच्या कामांत मात्र माझा हा कल टिकत नाही. बॉयलर कॅनमध्ये भरून कुणी पवईला नेत नाही, मोजमाप तुमच्याच शेडमध्ये होतं. तिथे बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, २०२५ मधल्या अडीटी योजनेतली व्याजसवलत, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के, आधी तपासावी. तुमचा उद्योग आणि क्लस्टर यादीत आहेत का ते बघा. बचत किमान १० टक्के दाखवावी लागते, त्यामुळे ऑडिटर यायच्या आधी मुख्य हेडरवर वाफेचा मीटर आणि फीडवॉटरच्या लाइनीत पाण्याचा मीटर बसवून निदान महिनाभराच्या नोंदी घ्या. आधीचा आकडा नसेल तर नंतरची बचत कशाशी ताडणार?